नव्या मेलमधली गांडुळं

सोमवार, २२ ऑगस्ट २००५. निशी-कसाई, तोक्यो.

आज अंबरीषनं नव्या मेलसेवेचं निमंत्रण पाठवलं. ही सेवा कुणालाही मिळत नाही, आत असलेल्यानं बोलावावं लागतं. अंबरीष ऑफिसात माझ्या हाताखाली दीड वर्ष आहे, सत्तावीस वर्षांचा. निमंत्रण देताना म्हणाला, "काका, एकदा वापरून बघा, जुन्याकडे ढुंकून बघणार नाही." मी म्हटलं, बघू. मी कुठलीही गोष्ट सात दिवस वापरल्याशिवाय मत देत नाही. नोंदी ठेवीन.

पहिली नोंद: जागा अडीच हजार मेगाबाइट. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा वाचला. माझ्या सध्याच्या सेवेत चार आहे. नऊ वर्षांची माझी सगळी मेल जपून, निवडून, एकसष्ट मेगाबाइट होते. म्हणजे ही जागा भरायला मला तीनशे अडुसष्ट वर्षं लागतील. पडद्यावर लिहिलंय की आता काही पुसायची गरज नाही. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र खुर्चीत मागे रेललो. नऊ वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं मी मेल पुसतोय.

बुधवार, २४ ऑगस्ट

फोल्डर नाहीत. माझे एक्केचाळीस फोल्डर आहेत, क्रमांक लावलेले. इथे सगळं एकाच ढिगात, वर एक शोधायची चौकट. अंबरीषला विचारलं तर म्हणे, "ठेवायचंच कशाला व्यवस्थित? हवं ते शोधा की." या पिढीचं असं आहे.

मी कुठल्याही कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेलो नाही. दादरला एका कंपनीच्या जावक खात्यात पाकिटं चिकटवत होतो, तिथून पुस्तिकांच्या झेरॉक्स काढून, पेन्सिलीनं प्रोग्राम लिहून शिकलो. मशीन बघायला मिळालं दोन वर्षांनी. आज तोक्योतल्या एका बँकेचे जुने प्रोग्राम ज्या चार माणसांना कळतात त्यांतला मी एक. हे व्यवस्थितपणानं झालं, शोधाच्या चौकटीनं नाही.

आज त्सुकुबाची नवी रेल्वे सुरू झाली. अकिहाबाराहून पंचेचाळीस मिनिटं. माझ्या मुलीला, पूर्वीला, आता बसची कटकट नाही. रविवारची वाट न बघता तिला तसं मेलनं कळवलं, मुद्दा ४ मध्ये.

शनिवार, २७ ऑगस्ट

अंबरीषनं दिलेल्या छोट्या प्रोग्रामनं जुनी सगळी मेल नव्या सेवेत ढकलली. दोन तास चाळीस मिनिटं. ही सेवा एकाच माणसाशी झालेली पत्रं गोळा करून एका गठ्ठ्यात ठेवते. पूर्वी आणि मी: दोनशे चौदा पत्रं.

पूर्वी माझी एकुलती एक मुलगी. त्सुकुबाच्या विद्यापीठात चौथ्या वर्षाला, विषय कॉम्प्युटर. जी पदवी मला मिळाली नाही ती तिला सात महिन्यांनी मिळेल. आमच्या घरात नियम आहे की महत्त्वाचं ते लेखी. फोन ती आईला करते, मला मेल. तीही इंग्रजीत, कारण देवनागरी उमटत नाही. मी दर रविवारी क्रमांक घालून मुद्दे लिहितो. तिची उत्तरं मात्र एका ओळीची: "बाबा, पत्र मिळालं, मी बरी आहे." खाली माझंच पत्र परत. दोन वर्षं सांगतोय, सविस्तर लिहीत जा.

सोमवार, २९ ऑगस्ट

धक्कादायक प्रकार. ही सेवा मेल वाचते.

पत्राच्या उजव्या बाजूला जाहिराती येतात. माझ्या बायकोनं, सुलेखानं, माझ्या खात्यातून पुण्याला बहिणीला लोणच्याबद्दल लिहिलं होतं, त्याच्या शेजारी बरण्यांची जाहिरात. मी अंबरीषला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

"कोण वाचतं हे?"

"कुणी नाही, काका. मशीन वाचतं."

"मशीन वाचतं म्हणजे वाचतंच ना?"

"वाचतं, पण त्याला काही वाटत नाही."

"तुला कसं माहीत?"

तो हसला आणि ओनिगिरीचं, त्या भाताच्या गोळ्याचं, प्लास्टिक सोलत बसला. मी जेवलो नाही.

बुधवार, ३१ ऑगस्ट

आणखी एक. पूर्वीच्या पत्रांशेजारी गांडुळांच्या जाहिराती येतात.

मी गंमत करत नाही. मोजलं. तिची सात पत्रं उघडली, अकरा जाहिराती आल्या. सहा गांडुळांच्या: गांडूळखताची पेटी, जिवंत गांडुळं घरपोच, अमेरिकेतली कुठलीशी गांडूळशाळा. दोन मातीचा आम्लपणा मोजायच्या यंत्राच्या. कॉम्प्युटरची एकही नाही. इतकं मोठं नाव झालेली सेवा आणि "मी बरी आहे" या तीन शब्दांतून गांडूळ काढते. हा दोष आहे, आणि मी तो लेखी कळवणार. सोबत तक्ता जोडणार.

सुलेखाला तक्ता दाखवला. ती भेंडी चिरत होती. तिनं चष्मा वर करून वाचला, आणि म्हणाली, "मग गांडुळंच दिसणार की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. तुम्हाला तो विषय काढायचा नसेल तर नका काढू." देठं उचलली आणि बाल्कनीतल्या तिच्या पेटीत टाकायला गेली. ती पेटी नवीन वर्षात पूर्वीनं आणून दिली, त्यात कोथिंबीर येणार होती, अजून आलेली नाही.

बायका दोष कबूल करत नाहीत, सेवेचासुद्धा.

गुरुवार, १ सप्टेंबर

आनंदाची नोंद. आमचे विभागप्रमुख साएकी-सान यांनी पूर्वीला भेटायला बोलावलंय, चौदा तारखेला. एप्रिलपासून आमच्याकडेच जागा होऊ शकेल. मी दोन वर्षं त्यांच्या कानावर घालतोय. "तुमच्या हाताखाली तयार झालेली म्हणजे पक्कीच असेल," म्हणाले. मी मान खाली घालून नम्रपणे 'छे, तसं काही नाही' म्हटलं, इथली पद्धत आहे, पण कान गरम झाले होते. पूर्वीला मेल केली, एकच मुद्दा, क्रमांकाशिवाय.

रविवार, ४ सप्टेंबर

पूर्वीचं उत्तर नाही. बाहेर वादळाचा पाऊस, बाल्कनीचं दार खडखडतंय. दिवसभर नव्या सेवेत तिचा गठ्ठा पहिल्यापासून वाचायला बसलो, तक्ता पुरा करायला.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. मराठीत उतरवून.

चौदा मे २००४ चं पत्र. वर: "बाबा, पत्र मिळालं, मी बरी आहे." त्याखाली एक बारीक ओळ: आधीचा मजकूर दाखवा. त्याखाली:

"केला. आता दोन दिवे आहेत, एक मागे."

पुन्हा तीच बारीक ओळ. मग:

"दात दुखत नाही. काढला."

मग:

"आठ जाती सापडल्या. एक माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. मी ओरडले आणि सगळे हसले."

ही वाक्यं माझ्या मुलीच्या पत्रात नव्हती. मी एकदाही वाचलेली नाहीत. आणि मी तिचं प्रत्येक पत्र वाचतो, छापतो, भोकं पाडून फायलीत लावतो. फाइल काढली. चौदा मे: एक पान, एक ओळ, खाली माझं पत्र. दात नाही, जाती नाहीत.

म्हणजे सेवेनं कुणा परक्याची पत्रं माझ्या मुलीच्या पत्रांत मिसळली आहेत. अशी सत्तर-ऐंशी पत्रं आहेत. हा कुणीतरी एकटा माणूस असावा. कुणालातरी सारखं काहीबाही सांगतो, आणि त्याला उत्तर येत नसावं, कारण एका ठिकाणी लिहिलंय, "हे तुम्हाला आवडत नाही हे कळतं. तरी सांगते." सूर बाईचा वाटतो. वाचताना मला अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याचं पाकीट फोडल्यासारखं. पण दोषाचा पुरावा म्हणून अकरा उतरवून घेतली, बाकीच्यांत डोकावलो नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

तक्रारीचा मसुदा तयार. दोन पानं, अकरा उदाहरणं. पाठवण्याआधी अंबरीषला दाखवला.

त्यानं सावकाश वाचला. एरवी तो माझं लिखाण वाचताना पाय हलवतो, आज हलवला नाही. म्हणाला, "काका, जुना प्रोग्राम उघडा. चौदा मे."

उघडलं. वर एक ओळ. खाली माझं पत्र, प्रत्येक ओळीच्या आधी ती बाणासारखी खूण.

"खाली जा."

"खाली माझंच पत्र आहे."

"जा तर."

मी माऊसचं चाक फिरवलं. बाण, मुद्दा १. बाण, मुद्दा २. बाण, मुद्दा ३, सायकलीचा दिवा दुरुस्त केलास का. आणि त्याखाली, बाण नसलेली एक ओळ. केला. आता दोन दिवे आहेत, एक मागे.

"ही इकडची पद्धत आहे ना, काका," अंबरीष हळू आवाजात म्हणाला. "समोरच्याची ओळ ठेवायची आणि तिच्याखालीच उत्तर लिहायचं. साएकी-सानपण तसंच लिहितात. तुमची पूर्वी इथल्या शाळेत शिकलेली. नव्या सेवेनं फक्त तुमच्या ओळी झाकल्या, म्हणून तिच्या तेवढ्या दिसल्या."

बाण दिसला की वाचन थांबवायचं, खाली जुना मजकूर असतो, हा माझा नियम आहे. मी तो अंबरीषलाही शिकवलाय. छापतानाही पहिलंच पान, कागद वाया जाऊ नये म्हणून. साएकी-सान मला मेल करत नाहीत, टेबलापाशी येऊन बोलतात. का येतात, हे आज प्रथम मनात आलं.

"कुणाला सांगणार नाही," अंबरीष म्हणाला. हे त्यानं म्हणायला नको होतं.

बुधवार, ७ सप्टेंबर

रजा घेतली. नऊ वर्षांत तिसरी. सगळी पत्रं वाचली, या वेळी बाणांसकट.

बारा जानेवारी २००४. माझा मुद्दा ६: परीक्षेची तयारी कशी आहे? तिच्या एकोणतीस ओळी. कॉम्प्युटर जमतं, पण मन लागत नाही. उन्हाळ्यात एका प्रोफेसरांबरोबर माती खणायला गेले होते, तेव्हापासून डोक्यात गांडुळंच आहेत. शेजारच्या विभागात बदली मिळते, पण तुमच्या परवानगीशिवाय अर्ज करणार नाही. तुम्ही हो म्हणाल का?

माझं उत्तर, अठरा जानेवारी: "पत्र मिळालं. सविस्तर लिहीत जा."

तिचं उत्तर, त्या ओळीखाली: "सविस्तर लिहिलं होतं, बाबा. पुन्हा लिहिते." आणि पुन्हा तेच, आता चाळीस ओळी.

माझं, पंचवीस जानेवारी: "माझंच पत्र मला परत पाठवू नकोस. जागा खातं."

त्यानंतर तिनं तीन आठवडे मेल केली नव्हती. मला आठवतं, मी सुलेखाला म्हटलं होतं, परीक्षा असेल. मग एप्रिलमध्ये, मुद्दा २, भाडे, याच्या खाली: "भाड्याचं झालं. मी बदली घेतली. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तेवढ्यावर घेतली. रागावलात हे कळतं. मी लिहीत राहीन."

दीड वर्ष लिहीत राहिली. माझी मुलगी दीड वर्ष गांडुळांचा अभ्यास करतेय. हे जाहिरातीच्या मशीनला माहीत होतं, मला नव्हतं.

शेवटचं पत्र अठ्ठावीस ऑगस्टचं. माझा मुद्दा ४, नवी रेल्वे सुरू झाली. त्याखाली: "हो, मस्त आहे. बाबा, मला पुढे इथेच दोन वर्षं शिकायचंय. अर्जावर हमीदाराची सही आणि त्याच्या नावाचा शिक्का लागतो. तुमचं नाव असावं असं मला वाटतं. शुक्रवार नऊ तारखेपर्यंत तुम्ही काही लिहिलं नाहीत तर मी सरांना विचारेन, ते तयार आहेत. या वेळी तरी हो किंवा नाही लिहा."

मी चारदा वाचलं. नऊ तारीख परवा.

दुपारी सुलेखा दुकानातून आली. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"काय?"

"गांडुळं."

तिनं पिशवी खाली ठेवली. "अहो, मला काय, खालच्या मजल्यावरच्यांना माहीत आहे. बाल्कनीत काय आहे मग ते?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं तुम्हाला लेखी कळवलं होतं. तुमचाच नियम. तुम्ही तोंड शिवून बसलात, मला वाटलं, उतरेल राग. नवीन वर्षात ती आली तेव्हा दोन दिवस तुमच्या तोंडाकडे बघत होती. तुम्ही विचारलंत, अभ्यास कसा चाललाय? ती म्हणाली, चाललाय. तुम्ही म्हणालात, छान, आणि बातम्या लावल्यात. मी स्वयंपाकघरात रडले."

"मी वाचलंच नव्हतं."

"काय?"

मी तिला पडद्यावर दाखवलं. बाण, खालची ओळ, चाक कसं फिरवायचं ते. सुलेखा बघत राहिली. मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही रागावलाच नव्हतात?" आणि तिथेच खुर्चीवर बसली.

मग लगेच म्हणाली, "तिला आत्ता फोन करा."

मी म्हटलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, लेखी देतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

गुरुवार, ८ सप्टेंबर

मेल लिहितोय. सकाळपासून सहा मसुदे. पहिल्यात सेवेचा दोष कसा लक्षात आला ते दोन परिच्छेद होते, ते काढले. तिसऱ्यात जपानी आणि भारतीय मेलपद्धतींतला फरक. तोही काढला. शेवटी राहिलं, "मी तुझी उत्तरं वाचली नव्हती." एवढं वाक्य पडद्यावर असताना साएकी-सान टेबलापाशी आले, चौदा तारखेची वेळ ठरवायला. मी पडद्यावरची खिडकी झाकली. तीन वाजता ठीक आहे का? हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

सकाळी पाठवली, सात पंचावन्नला. सही करतो, शिक्का घेऊन रविवारी येतो, असंही लिहिलं. नव्या सेवेतून पाठवली. मेल गेल्याचं ती लगेच सांगते. वाचल्याचं सांगत नाही.

शनिवार, १० सप्टेंबर

उत्तर आलं. "या. पण अर्ज गुरुवारीच दिला. सरांना शुक्रवारी परदेशी जायचं होतं. सॉरी." खाली काही नव्हतं. मी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं.

रविवार, ११ सप्टेंबर

नव्या रेल्वेनं गेलो. सुलेखा म्हणाली, तुम्ही एकटेच जा. शिक्का खिशात होता. का घेतला ते विचारू नये.

पूर्वी स्टेशनवर रबरी बूट घालून उभी होती. उन्हानं काळी झालीय. मला वाटलं होतं, काही बोलेल. ती म्हणाली, "बाबा, माझी जोडीदारीण आजारी पडलीय आणि पाऊस होऊन गेल्यावर आजचाच दिवस चांगला आहे. तुम्हाला चालेल का जरा?" मी म्हटलं, चालेल.

विद्यापीठाच्या मागे झाडांखाली तिनं अर्ध्या मीटरची लाकडी चौकट जमिनीवर ठेवली. मोहरीची पूड पाण्यात कालवली होती, ती झारीनं आत ओतली. म्हणाली, आता बघा. मला एक पाटी, तक्ता आणि घड्याळ दिलं. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग माती हलली. एक आलं, मग तीन, मग सगळीकडून, लांबच्या लांब, चकचकीत, अंग झटकत. पायांखाली एवढं सगळं असतं याची मला कल्पना नव्हती. मी मागे सरलो. ती चिमट्यानं एकेक उचलून स्वच्छ पाण्यात सोडत होती आणि जपानीत पुटपुटत होती, बहुधा माफी मागत असावी.

काम चालू असताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "खरंच नव्हतं वाचलं?"

"नाही."

"एकही?"

"पहिली ओळ वाचत होतो. सगळ्यांची."

ती चिमटा धूत राहिली. "मला वाटायचं, तुम्ही वाचता आणि मुद्दाम तसं लिहिता. सविस्तर लिहीत जा, म्हणून. मी त्या वेळी बाथरूममध्ये जाऊन तुमची नक्कल करायचे." आणि तिनं केली, भुवया वर करून, माझ्या आवाजात. हुबेहूब होती. मला हसू आलं नाही. मग तीच हसली, आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसले, हातमोज्याची माती गालाला लागली.

"हमीदाराच्या जागी काय लिहिलंस?" मी विचारलं.

"सरांचं नाव."

"आणि नातं?"

"मार्गदर्शक."

मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय लिहिणार होती.

दहा मिनिटं झाल्यावर मी तक्त्यात अठरा लिहिले. तिनं पाण्यातले मोजले. "एकोणीस, बाबा. चौकटीच्या कडेला होतं, तुम्ही धरलं नाहीत." मी अठरा खोडून एकोणीस केले. अशा पाच चौकटी. दुपारी तिच्याबरोबर नूडल्स खाल्ले. परत निघताना तिनं विचारलं, "चौदा तारखेचं?"

"मी बघतो," म्हटलं.

सोमवार, १२ सप्टेंबर

सकाळी साएकी-सान टेबलापाशी येण्याआधी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. सांगितलं की मुलगी येणार नाही. ती दीड वर्षापासून कॉम्प्युटर शिकत नाही, गांडुळं शिकते, आणि मला ते गेल्या आठवड्यात कळलं. का उशिरा कळलं तेही सांगितलं, बाणासकट. बाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं होतं. अंबरीष पडद्याकडे बघत होता.

साएकी-सान यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "माझे वडील बाग करायचे." आणि विचारलं, जपानात गांडुळांच्या जाती किती?

मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन पूर्वीला फोन केला. नंबर सुलेखाला विचारावा लागला. प्रश्न एकच होता. चौतीस मिनिटं बोलत होती, मी मध्ये बोललो नाही. किती जाती ते नक्की कुणालाच माहीत नाही म्हणाली, अजून नव्या सापडतायत.